पराभवातील शतकवीर : विजय हजारे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार मानतो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंतच झाले. सारे आयुष्य खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत खडू-फळ्याच्या संगतीत गेले. त्यामुळे विद्वत्तापूर्ण व्याख्यानाची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, असा भरवसा बाळगून आम्ही उभे राहिलो आहोत.

या समारंभात दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा मंडळाने सुचविले होते की, मुलांना क्रिकेटची आवड फार, तेव्हा एखाद्या क्रिकेटपटूविषयी बोलावे. शक्य तर तो आपल्या समाजापैकी असावा. सूचनेचा पहिला भाग आम्ही आनंदाने मान्य केला. दुसरा भाग मात्र आमच्या हातून पाळला गेला नाही. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते कै. विजय सॅम्युअल हजारे हे आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले होते. तरीही त्यांचीच निवड आम्ही का केली आणि या कथेचा आजच्या गुणगौरवाशी काय संबंध आहे, ते अखेरीस निवेदन करू. तोवर आपण धीराने ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि घरात आठ मुले. शाळामास्तराच्या घरी आठ मुले म्हणजे काय, हे आम्ही आपणांस वेगळे सांगावयास नको. बॅट आणि पॅड घेऊन देण्याची ऐपत अशा घरी कोठून असणार? परंतु सांगलीच्या मैदानावरील तो शांत, मितभाषी मुलगा खेळत राहिला. १९३४-३५ च्या हंगामात तो प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागला. पुढे त्याला देवासच्या महाराजांचा आश्रय लाभला आणि क्लॅरी ग्रिमेट या विख्यात ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शन मिळाले.

हजारे यांची उभे राहण्याची ढब मोठी चमत्कारिक होती. सामान्यतः फलंदाज बॅट पायाच्या मागे टेकवितो. हजारे ती दोन्ही पॅडांच्या मध्ये धरीत. पुस्तकी नियमाने पाहिले तर ही चूकच. पण ग्रिमेट यांनी ही ढब बदलण्याचा हट्ट धरला नाही. यातला बोध आम्हां शिक्षकांनी घेण्यासारखा आहे. मुलाचे अक्षर वळणदार नाही म्हणून त्याचे उत्तर चुकीचे ठरत नाही, हे कळावयास आमची नोकरीची दहा वर्षे खर्ची पडली. त्या ऑस्ट्रेलियन गुरूस ते पहिल्या नजरेत कळले.

१९३९-४० च्या हंगामात पुणे येथे महाराष्ट्र विरुद्ध बडोदा या रणजी सामन्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय होत. पुढे ज्या बडोद्याविरुद्ध हा पराक्रम केला त्याच बडोद्याकडून ते खेळू लागले आणि तेथेच स्थायिक झाले.

आता आम्ही आपणांस १९४३ सालच्या मुंबईस घेऊन जातो. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ आधीपासूनच होते. या चारांत ज्यांचा समावेश होत नसे, त्यांचा पाचवा संघ १९३७ साली निघाला. त्याचे इंग्रजी नाव ‘रेस्ट’. मराठीत म्हणावयाचे तर ‘उरलेल्यांचा संघ’. हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशी सारी मंडळी त्यात असत. विजय हजारे या उरलेल्यांच्या संघात होते. धर्मावरून संघ पाडण्याची ही रीत योग्य नव्हे, असे मत महात्मा गांधींनी १९४० सालीच प्रकट केले होते. १९४५-४६ नंतर हे सामने कायमचे बंद झाले, ते योग्यच झाले. परंतु त्या सामन्यांना लोटणारी गर्दी अफाट असे.

आमचे वडील त्या वेळी मुंबईत पंधरा वर्षांचे विद्यार्थी होते. मैदानात जाण्यास पैसे नव्हते. एका इराण्याच्या दुकानासमोर उभे राहून, आत चालू असलेल्या रेडिओवर त्यांनी त्या वर्षीच्या अंतिम सामन्याचा वृत्तांत ऐकला. तो त्यांनी आम्हांस लहानपणी इतक्या वेळा सांगितला की, आमचा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनी झाला असूनही तो सामना आम्ही पाहिलाच आहे असा भास होतो. गोष्ट संपली की वडील दर खेपेस एकच प्रश्न विचारीत. तो प्रश्न पुढे सांगतो.

अंतिम सामना हिंदू आणि उरलेले यांच्यात ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला. त्याआधी मुसलमानांविरुद्धच्या सामन्यात हजारे यांनी २४८ धावा काढल्या होत्या. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो आकडा मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९. दुसऱ्या डावातही पाच गडी झटपट गेले. पराभव तर उघडच दिसत होता. आणि मग हजारे असे काही उभे राहिले की, त्या दुसऱ्या डावातील एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या त्यांच्या झाल्या. म्हणजे संघाच्या पाच धावांतील चार एका माणसाच्या! एवढे होऊनही उरलेल्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला तो हरलाच.

येथवर आल्यावर वडील थांबत आणि विचारीत, “त्या डावात दुसरा मोठा खेळाडू कोण?” आम्ही मुले धावफलकाच्या हिशेबाने अंदाज करीत असू. वडील म्हणत, “त्याचा धाकटा भाऊ विवेक. त्याच्या धावा एकवीस.”

श्रोतेहो, यात अतिशयोक्ती नाही. सहाव्या गड्यासाठी विजय आणि विवेक या भावांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्या तीनशे धावा होत असताना धाकट्याचा वाटा होता अवघ्या २१ धावांचा. तो धावा काढण्यासाठी तेथे नव्हताच. तो एका टोकाला पाय रोवून उभा होता. त्याने आपली यष्टी टाकली असती तर थोरल्याचे त्रिशतक कोठून झाले असते? धावफलकावर २१ हा आकडा पाहून कोणी टाळ्या पिटीत नाही. पण तो आकडा काढून टाका आणि पाहा, ३०९ च्या आकड्याखालची जमीनच सरकते.

युद्ध संपल्यावर भारताचा संघ १९४६ साली इंग्लंडला गेला. लॉर्ड्सवर हजारे यांचे कसोटी पदार्पण झाले तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. उमेदीची ऐन वर्षे महायुद्धाने गिळली होती. तरी त्या दौऱ्यात यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४४ धावा काढल्या. उशिरा मिळालेल्या संधीबद्दल कुरकुरत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

१९४७-४८ साली स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच परदेशी गेला, तो ऑस्ट्रेलियास. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ. गोलंदाजीस लिंडवॉल आणि मिलर. पाच कसोट्यांपैकी चार आपण हरलो. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथील चौथ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा उभारल्या; ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८. ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडविला तो हजारे यांनीच, कारण ते मध्यमगती गोलंदाजीही उत्तम करीत. सिडनीच्या कसोटीतही त्यांनी ब्रॅडमन यांचा असाच त्रिफळा घेतला होता.

उत्तरादाखल आपले पाच गडी १३३ धावांत परतले. तेथून हजारे यांनी दत्तू फडकर यांच्या साथीने डाव सावरला. हजारे ११६, फडकर १२३, एकूण ३८१. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात एकही धाव झाली नसता दोन गडी बाद. लिंडवॉल आग ओकत होता. त्याने त्या डावात सात गडी टिपले. या अग्निवर्षावात हजारे यांनी १४५ धावा काढल्या. संघाच्या धावा झाल्या २७७. कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे ते पहिले भारतीय ठरले. आणि सामन्याचा निकाल? भारत एक डाव आणि १६ धावांनी पराभूत.

पुढच्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ येथे आला. फेब्रुवारी १९४९ मधील मुंबईच्या अखेरच्या कसोटीत आपणांस विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. तोवर भारताने एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. हजारे यांनी १२२ धावा काढल्या. रुसी मोदी यांनी ८६. वेळ संपली तेव्हा फलकावर होते ८ बाद ३५५. अवघ्या सहा धावा कमी! पहिला विजय असा हाताशी येऊन निसटला.

येथे चाणाक्ष श्रोते म्हणतील, गुरुजी, तुमचा नायक शतके काढतो आणि सामना काही जिंकत नाही. मग त्याचे कौतुक ते कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्हीही लहानपणी वडिलांना तो विचारला होता. वडिलांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आम्हांस सन १९५२ ची गोष्ट सांगितली.

१९५१-५२ साली इंग्लंडचा संघ भारतात आला आणि भारताचे कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४, तर मुंबईच्या दुसऱ्या कसोटीत १५५ धावा काढल्या. मागील मालिकेतील मुंबईचे शतक धरून लागोपाठ तीन कसोट्यांत तीन शतके झाली. दोन्ही सामने अनिर्णित राहिले. कानपूरची कसोटी आपण हरलो. मद्रासची पाचवी कसोटी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झाली. सामना चालू असतानाच इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज निवर्तल्याची वार्ता आली. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत चार गडी बाद केले. १० फेब्रुवारी रोजी भारताने तो सामना एक डाव आणि आठ धावांनी जिंकला. १९३२ साली आपण पहिली कसोटी खेळलो होतो. त्यानंतर वीस वर्षांनी, पंचविसाव्या कसोटीत भारताला पहिला विजय मिळाला. इंग्लंडचे काही नामवंत खेळाडू त्या दौऱ्यावर आले नव्हते, हे खरे. पण म्हणून पहिल्या विजयाचा आनंद उणावत नाही.

त्या विजयी सामन्यात कर्णधार हजारे यांच्या धावा किती होत्या? वीस.

ज्याने पराभवांत शतकांवर शतके रचली, त्याच्या वाट्याला विजयात वीस धावा याव्यात, हा दैवाचा खेळ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. वीस वर्षे कोणी तरी खिंड लढवीत राहिले, म्हणून एके दिवशी रॉय, उम्रीगर आणि मंकड यांना विजयाची पायरी चढता आली. आपण हरलो तरी उभे राहू शकतो, हे हजारे यांनी अ‍ॅडलेडला दाखविले होते. शाळेतही असेच घडते. घरातील पहिला मुलगा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कशीबशी शालान्त परीक्षा पास होतो. त्याचा धाकटा भाऊ प्रथम वर्गात येतो. पेढे धाकट्याचे वाटले जातात.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हजारे संघ घेऊन इंग्लंडला गेले. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावरील पहिली कसोटी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात कधी विसरली जाणार नाही. पहिल्या डावात तीन गडी लवकर गेल्यावर हजारे यांनी वीस वर्षांच्या विजय मांजरेकर यांना हाताशी धरले. दोघांनी २२२ धावांची भागीदारी केली. मांजरेकर १३३, हजारे ८९. दुसऱ्या डावात मात्र फ्रेड ट्रूमन या नवख्या वेगवान गोलंदाजाने आणि अ‍ॅलेक बेडसर यांनी असा कहर केला की, भारताचे चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर धावा होत्या शून्य! शून्यावर चार! कसोटीच्या इतिहासात अशी नामुष्की कोणावरही आली नव्हती.

मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर गेले होते. ट्रूमन यांचा पुढचा चेंडू हॅट्ट्रिकचा. तो खेळावयास कर्णधार हजारे मैदानात उतरले. आमच्या डोळ्यांसमोर ते चित्र नेहमी उभे राहते. परमुलूख, गर्जणारी गर्दी, फलकावर शून्य आणि सदतीस वर्षांचा एक अबोल माणूस आपली बॅट दोन पॅडांच्या मध्ये धरून उभा. हजारे यांनी तो चेंडू निभावला. त्यांनी ५६ धावा काढल्या आणि फडकर यांच्या साथीने शंभरावर धावांची भर घातली. फडकर यांच्या ६४ झाल्या. डाव १६५ वर संपला आणि सामना आपण सात गड्यांनी गमावला. याच दौऱ्यात ओव्हल मैदानावर अवघ्या सहा धावांत पाच गडी गेले होते. तेथेही ९८ च्या एकूण धावसंख्येत ३८ धावा हजारे यांच्याच होत्या.

वक्त्याने आपल्या नायकाचे उणेही सांगावे. कर्णधार म्हणून हजारे फार सावध, धाडस कमी, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. चौदा कसोट्यांत त्यांनी नेतृत्व केले. एक जिंकली, पाच हरल्या, आठ अनिर्णित राहिल्या. नेतृत्वाचे ओझे त्यांच्या फलंदाजीस बाधले असेही अनेक जाणकारांचे मत होते. १९५३ सालच्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.

त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब असा : ३० कसोट्या, २१९२ धावा, सात शतके, सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत २३८ सामने, १८,७४० धावा, साठ शतके, सरासरी ५८.३८, शिवाय ५९५ बळी. १९६० साली त्यांना आणि जसू पटेल यांना पद्मश्री देण्यात आली. हा सन्मान लाभलेले ते पहिले क्रिकेटपटू होत. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांचे निधन झाले. आज देशातील राज्या-राज्यांच्या संघांत एकदिवसीय सामन्यांची जी स्पर्धा होते, ती विजय हजारे करंडक या नावाने ओळखली जाते. येथे बसलेल्या मुलांनी ते नाव दूरदर्शनच्या पडद्यावर शेकडो वेळा वाचले असेल. त्या नावामागील माणूस आज त्यांना भेटला, तर आमचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो. आपल्या समाजापैकी नसलेल्या माणसाची निवड आम्ही का केली?

मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदा आणि होळकर या संघांत झाला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली; हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी हा जगातील विक्रम होता, आणि तो २००६ सालापर्यंत अबाधित राहिला. चौथ्या गड्याचा विक्रम तर आजही त्यांचाच आहे. तो काळ आपण आठवा. देशाचे तुकडे होण्यास पाच महिने राहिले होते. पंजाबात रक्ताचे पाट वाहू लागले होते. त्या दिवसांत सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरचा एक मुसलमान बडोद्याच्या मैदानावर एकमेकांची धाव सांभाळीत उभे होते. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटीही खेळले. भागीदारी मात्र दोघांचीच राहिली. तिची फाळणी कोणास करता आली नाही.

आपले मंडळ आपल्या ज्ञातीच्या हितासाठी निघाले आणि त्याने पुष्कळ चांगले कार्य केले. आमचे स्वतःचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण मंडळाने दिलेल्या वह्या-पुस्तकांवर झाले आहे. ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. परंतु ‘आपला’ कोण, हे ठरविताना जन्माबरोबर आणखीही काही पाहावे असे आम्हांस वाटते. जो कठीण वेळी दुसऱ्या टोकाला उभा राहतो तो आपला. हजारे यांना जगाने ‘उरलेल्यां’त घातले होते. आपल्या घराघरांतही असे उरलेले असतात. आणि येथेच आम्हांस आमची एक चूक आपल्यासमोर मांडावयाची आहे.

गुणगौरवासाठी येणाऱ्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीवर आम्ही आहोत. शेकडा ७५ गुणांची अट आहे, हे आपण जाणता. गतवर्षी एका घरातून दोन अर्ज आले. थोरला मुलगा बारावीला शेकडा ८८ गुणांनी उत्तीर्ण; धाकटी मुलगी दहावीला शेकडा ७१. मुलीच्या अर्जाला एक चिठ्ठी जोडलेली होती. त्या वर्षी आई पाच महिने अंथरुणाला खिळून होती. स्वयंपाक, पाणी, आईचे पथ्यपाणी, औषधे हे सारे मुलीने पाहिले. भावाची बारावी आहे म्हणून त्याला चुलीकडे फिरकू दिले नाही. ती चिठ्ठी वाचूनही अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारला गेला. श्रोतेहो, तो शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे.

समारंभाच्या दिवशी मुलाचे नाव पुकारले गेले. त्याने बक्षीस घेतले, नमस्कार केला, पायऱ्या उतरला आणि सरळ स्त्रियांच्या बाजूला जाऊन ते बहिणीच्या मांडीवर ठेविले. ते पुष्कळांनी पाहिले असेल, टाळ्याही झाल्या. आम्ही मात्र वर मान करू शकलो नाही. त्या रात्री आम्हांस वडिलांचा प्रश्न आठवला : “त्या डावात दुसरा मोठा खेळाडू कोण?” ज्या गोष्टीचे उत्तर आम्हांस दहाव्या वर्षापासून पाठ होते, ते ऐन वेळी अर्जावर लिहिता आले नाही. पस्तीस वर्षे गुण देण्याचे काम करून आम्ही अखेर धावफलकच वाचावयास शिकलो. खेळ पाहावयास शिकलो नाही.

गुणांची अट काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलांनी आज येथे बक्षिसे मिळविली त्यांनी ती कष्टाने मिळविली आहेत, आणि त्यांचे अभिनंदन आम्ही कोणाहून कमी आनंदाने करीत नाही. ३०९ धावा काढणाऱ्याचा गौरव झालाच पाहिजे. आमची विनंती एवढीच की, एकवीस धावा करणाऱ्याचाही शोध घ्यावा. यापुढे प्रतिवर्षी एक पारितोषिक असे असावे की, ज्यास गुणांची अट नाही. घरावर आलेल्या प्रसंगी जो मुलगा वा मुलगी पाय रोवून उभी राहिली आणि परीक्षेसही बसली, त्यास ते द्यावे. निकाल काय लागला ते दुय्यम मानावे. त्यासाठी पहिल्या वर्षाची पाच हजार रुपयांची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आज चिटणीसांकडे सुपूर्त केली आहे. पारितोषिकास आमचे वा आमच्या वडिलांचे नाव देऊ नये, ही एकच अट. तसेच ते आपल्या ज्ञातीपुरतेच ठेवावे, की आपल्या गावातील कोणत्याही मुलास खुले करावे, याचा निर्णय सर्वसाधारण सभेने करावा. आमचे मत काय आहे, ते आपण एव्हाना ओळखलेच असेल.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. आज क्रिकेटचा सामना वीस षटकांत आटोपतो आणि खेळाडूंची बोली कोटींत लागते. तो खेळही पाहा. आम्हीही नातवंडांबरोबर पाहतो. परंतु कधी तरी तुमच्या आयुष्याच्या फलकावर शून्यावर चार गडी अशी स्थिती येईल. परीक्षेत येईल, नोकरीत येईल, घरातही येईल. त्या वेळी सामना वाचणार नाही हे कदाचित तुम्हांस दिसत असेल. तरीही पुढचा चेंडू खेळावाच लागतो. हेडिंग्लेला हजारे यांनी तो खेळला. सामना वाचला नाही, पण संघाची लाज राहिली आणि पुढे येणाऱ्यांना धीर मिळाला.

ती मुलगी आज या सभागृहात आहे किंवा नाही, आम्हांस ठाऊक नाही. असल्यास तिने या वृद्ध शिक्षकास क्षमा करावी. तिच्या अर्जावरील शेरा आम्ही बदलू शकत नाही. पुढील अर्जांवरील शेरे बदलणे मात्र आपणां सर्वांच्या हाती आहे.